रि: रि: डेथ व्हॅली – पाणी किती आणि कोण आणणार??

सुहास:
मंडळी, डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या कॅम्पिंगला गुरुवारी पहाटे निघायचंय आणि कोण काय आणणार त्या शीटमध्ये पाण्याचा रकाना अजून कोरा आहे. चिवडा चार घरांतून येतोय, पाणी एकाही घरातून नाही. पार्कवाले माणशी रोज किमान १ गॅलन सांगतात. आपण २२ जण, ३ दिवस, म्हणजे ६६ गॅलन, वजन साधारण साडेपाचशे पाउंड. हे कोणाच्या गाडीत जाणार? आज रात्रीपर्यंत कळवा.

मेधा:
अरे ६६ कशाला वाहायचे? पार्कातल्या फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडला प्यायच्या पाण्याचा नळ आहे, मागच्या वेळी आपण तिथेच भांडी घासली की. प्रत्येक गाडीत २-३ गॅलन वाटेत गाडी बंद पडली तर म्हणून, आणि ट्रेकला स्वतःच्या बाटल्या, बस. आणि प्लीज ते दुधाच्या जगसारखे पातळ प्लॅस्टिकचे पाण्याचे जग नकोत. आमच्याकडे एक जग तंबूच्या खुंट्यांच्या पिशवीवर ठेवला गेला, वाटेतल्या बेकर गावापर्यंत निम्मा डिकीत सांडला, तीन स्लीपिंग बॅगा ओल्या. रात्री पारा पन्नास फॅरेनहाइटच्या खाली जातो, ओल्या बॅगेत झोपून बघा एकदा.

विवेक:
त्यापेक्षा तो निळा ७ गॅलनचा कॅन घ्या, नळ असलेला. माझ्याकडे दोन आहेत.

मेधा:
विवेक, तो भरलेला कॅन ५८ पाउंडांचा होतो, गेल्या वेळी तू आणि अजून दोघे मिळून तो टेबलावर चढवत होतात आणि तुझी कंबर आठवडाभर धरली होती हे वहिनींनीच सांगितलंय.

विवेक:
कंबर तंबूमुळे धरली होती, कॅनमुळे नाही. तिथली जमीन खडीची आहे, प्लॅस्टिकच्या खुंट्या ठोकताना वाकतात, सगळ्यांनी लोखंडी आणा हे मी तेव्हाही लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही.

अनघा:
खुंट्यांवरून आठवलं, संध्याकाळी वारा सुटला की स्टोव्ह पेटत नाही, आडोसा करायला काहीतरी घ्या. आणि झाडाखालच्या काटक्या गोळा करू नका, पार्कात सरपण गोळा करायला बंदी आहे, लाकूड विकत घेऊन चला. मेन्यू मात्र फूड कमिटी ठरवते, प्रत्येकाने वेगळा सांगू नका.

सुहास:
पाण्याचं बोलूया का?

प्रभाकरकाका:
मुलांनो, नुसतं पाणी पिऊन भागत नाही. आम्ही दोघं तिथल्या गोल्डन कॅनियनच्या घळीत ट्रेकला गेलो होतो, नोव्हेंबरच होता, ऊन कोवळं म्हणून टोपी गाडीत. पुढे गावर गल्चने फिरून आलो, चार-साडेचार मैलांची फेरी, कुठे सावली म्हणून नाही. पाणी मी भरपूर प्यायलो, खाल्लं काही नाही, परतताना डोकं ठणकायला लागलं आणि मळमळ. तुमच्या काकूंनी पर्समधून मीठ-साखरेची पुडी काढली, बाटलीत घोळवून दिली, अर्ध्या तासात माणसात आलो. म्हणून खारे शेंगदाणे, लिंबू, मीठ प्रत्येकाच्या खिशात पाहिजे. काही झालंच तर फोनवर अवलंबून राहू नका, रेंज बहुतेक ठिकाणी नसते. नकाशे घरीच डाउनलोड करून घ्या.

अनघा:
काका, मीठ-साखर फूड कमिटी पाठवतेच आहे, पुड्या प्रत्येकाने स्वतःच्या बांधाव्यात. कोकम आगळ घरी कोणाकडे आहे?

विवेक:
माझ्याकडे आहे. एक बाटली. लग्नाच्या वाढदिवसाला जपून ठेवली होती.

मेधा:
आणि पेट्रोल बेकरलाच भरून घ्या, आत पंप आहे पण भाव बघून घाम फुटतो. बेकरला तो १३४ फुटांचा थर्मामीटर दिसेल, डेथ व्हॅलीतल्या १९१३ सालच्या १३४ डिग्री फॅरेनहाइटच्या विक्रमाची आठवण म्हणून. मुलांना तिथे उतरवा, नाहीतर पुढे सगळा वेळ 'कधी येणार' चालू.

सुहास:
ठरलं मग. प्रत्येक गाडीत ३ गॅलन, जग जाड प्लॅस्टिकचे, त्यांच्यावर वजन येऊ देऊ नका. ट्रेकला माणशी किमान २ लिटर, बाटल्या कॅम्पला भरायच्या. विवेकने एकच कॅन आणायचा, रिकामा, तिथे भरायचा, उचलायला दोघं. आता मंडळाचं मोठं पातेलं गणपतीपासून कोणाकडे आहे?

मेधा:
आमच्या गराजमध्ये. झाकण मात्र आलंच नव्हतं.