माळ म्हणजे पडीक नव्हे! तुमचे माळरानावरचे अनुभव लिहा

भटक्या_पुणे
सुरुवात मीच करतो. गेल्या जुलैत ऑफिसने वृक्षारोपणाला सासवडच्या पुढे एका माळावर नेलं, टीशर्ट, टोप्या, वडापाव सगळं साग्रसंगीत. मी टिकाव उचलला तर एक माळटिटवी डोक्यावर नुसती ओरडत घिरट्या घालायला लागली, मला आधी कळेचना, मग खाली बघितलं तर पायापासून वीतभर लांब मातीखड्यांच्याच रंगाची चार अंडी. घरटं वगैरे नाही, नुसता खळगा. ऑफिसची टोपी शेजारी दगडाखाली दाबून ठेवली खूण म्हणून आणि तिथून पळालो. बाकीच्यांच्या टिकावाखाली काय गेलं देव जाणे. आणि लावलं काय, तर गिरिपुष्प! मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडचं नाव उंदीरमारी, आणि माळावरचं खोकड (छोटा कोल्हा), घुबड, भोवत्या (शिकारी पक्षी) निम्मे उंदरांवरच जगतात.

तुम्ही काय पाहिलंत? गवत, लांडगे, काहीही चालेल.

मेंढका
आमचं घर मेंढरामागं फिरणारं. मी सातवीत असताना लांडग्यानं वाघुरीवरून, म्हंजे मेंढरं कोंडायच्या जाळीवरून, उडी टाकून कोकरू उचललं, कुत्री भुंकून भुंकून दमली. मी रडत होतो तर आजा म्हणला, गप ए, त्याचा वाटा त्यानं नेला. आता तसं म्हणायला जड जातं भाऊ, एका मेंढीला किती पैसे पडतात माहितीये ना. मागल्या वर्षी एक नेली, पंचनाम्याला माणूस तिसऱ्या दिवशी आला, तोवर काय ठेवायचं दाखवायला? भरपाई नाही. तरी विष घालणाऱ्यातले आम्ही नाही. पण पवन्या, मारवेल असलं गवत होतं तिथं आता प्लॉटिंगचं तारेचं कंपाउंड, मेंढरं पण रस्त्यावर अन् लांडगं पण.

सोलापुरी_चादर
सोलापूरजवळचं नान्नज, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य! वडिलांनी ८६-८७ ला नेलं होतं. नर माळढोक गळ्याची पांढरी पिशवी पार पायापर्यंत लोंबवून, शेपूट पाठीवर घेऊन उभा, आणि तो हूंऽऽम आवाज, म्हणून तर गावात त्याला हूम म्हणायचे. मादी वर्षाला एखादंच अंडं घालते, तेही जमिनीवर. पण अभयारण्य ८४९६ चौरस किमीचं कागदावर, त्यात अख्खी गावं, मग जमिनीचा व्यवहार अडला की लोक पक्ष्याच्याच नावाने बोटं मोडायचे. पुढे ते बरंच कमी केलं, तोवर पक्षी कुठे उरले होते? नंतर चार वेळा गेलो, एकदाही दिसला नाही.

रेहेकुरीकर
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौ. किमी, काळवीट काय तेवढ्यातच चरणार का? ज्वारीत येतात. रात्री राखण करून बघा मग फोटो काढा.

डॉगमॉम
मोकाट कुत्र्यांचं पण लिहा कुणीतरी. मी स्वतः कुत्री पाळते तरी म्हणते. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर डीएनएवरून सिद्ध झालाय, वर कुत्र्यांकडून लांडग्यांना डिस्टेंपर या रोगाचा धोका आहेच. हॉटेलवाले उरलंसुरलं माळावर ओततात, मग कुत्री येणारच.
@भटक्या, अंड्यांचं काय झालं पुढे?

भटक्या_पुणे
तीन आठवड्यांनी गेलो होतो. टोपी तिथेच, अंडी नाहीत, टरफलंही नाहीत. पिल्लं झाली की कुत्र्यांनी खाल्ली, कळायला मार्ग नाही. उंदीरमारी मात्र सगळी जगलीये.