विषय: अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाचा काउंटीकडे (जिल्ह्याकडे) अनुदानाचा अर्ज – शाळेतल्या मुलांचा वंशाचा रकाना

चिटणीस:
मंडळी, नमस्कार. काउंटीच्या सांस्कृतिक अनुदानाचा अर्ज गुरुवारी द्यायचाय. त्यात मराठी शाळेतल्या मुलांचा वंशवार तक्ता मागितलाय. ज्यांच्या आई-बाबांपैकी एकच जण भारतीय आहे, त्यांना ‘इतर’मध्ये टाकतोय. कुणाची हरकत?

विनय:
‘इतर’ कशाला? सरळ ‘आशियाई’ लिहा, आपला आकडा का कमी करायचा? आणि अशी मुलं आता वाढणारच. अमेरिकेच्या 2020 च्या सेन्ससमध्ये (जनगणनेत) मिश्रवंशीय 276 टक्क्यांनी वाढलेत, म्हणजे बघा किती लग्नं झाली!

सुहासकाका:
विनय, आकडा बरोबर आहे, पण त्यावरून लग्नं मोजू नकोस. एकाहून जास्त वंश नोंदवलेले लोक 2010 मध्ये 90 लाख होते, 2020 मध्ये 3 कोटी 38 लाख झाले. दहा वर्षांत एवढी बाळं कुठून येतील? बदलला तो फॉर्म. ‘व्हाइट’ आणि ‘ब्लॅक’ या चौकटींखाली मूळ लिहायला जागा दिली. लिहिलेल्या उत्तरातली पूर्वी 30 अक्षरं धरायचे, ती 200 धरू लागले. एखाद्यानं ‘व्हाइट’वर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ लिहिलं, की त्याला ‘अन्य वंश’ हा दुसरा कोड चिकटायचा आणि तो मिश्रवंशीय व्हायचा. त्याला पत्ताही नसेल! ‘व्हाइट आणि अन्य’ या एकाच जोडीत 1 कोटी 76 लाखांची भर पडली, म्हणजे एकूण वाढीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग. जुन्या आकड्यांशी तुलना जपून करा, असं सेन्सस ब्यूरोच सांगतं.

मिश्र कुटुंबं खरोखर वाढलीत, ते नाकारत नाही. 1967 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं वेगवेगळ्या वंशांतल्या लग्नांवरची बंदी उठवली, तेव्हाही 16 राज्यांत ती होती.

आणि आपलं काय? 1920 ते 1940 च्या सेन्ससमध्ये ‘हिंदू’ हा वंश होता. पंजाबातून आलेला शीख शेतकरीसुद्धा त्यातच. 1970 मध्ये आपण चक्क गोरे होतो! ‘एशियन इंडियन’ ही चौकट आली 1980 मध्ये. बरं, पहिला नंबर कुणाचा हेही रकान्यावर ठरतं. 2020 मध्ये केवळ एकच मूळ सांगणाऱ्या आशियाईंत भारतीय सगळ्यांत जास्त, सुमारे 44 लाख. मिश्र धरले की चिनी पुढे जातात.

अनघा:
विनयदादा, माझ्या लेकीला नुसतं ‘आशियाई’ लिहिलंत तर तिच्या बाबांचं आणि अटलांटाच्या आजीचं काय? एकच खूण करायची सक्ती सेन्ससनं 2000 मध्ये सोडली, आपण ती कशाला धरून बसायचं? ‘इतर’ तर मुळीच नको. गणपतीत आरती तोंडपाठ म्हणणारी पोर आहे, इतर कुठली?

पण हेही सांगते, आमच्या घरात एकमत नाही. सेन्ससचा फॉर्म घरातला एक जणच सगळ्यांसाठी भरतो. 2020 ला मी भरला आणि तिच्यापुढे दोन खुणा केल्या. नवऱ्यानं भरला असता तर फक्त ‘ब्लॅक’ केली असती. तो म्हणतो, पोलीस गाडी थांबवतो तेव्हा अर्धा कोण आहेस हे विचारत नाही. ओबामांनीही 2010 मध्ये एकच खूण केली होती, आई गोरी असून. त्यामुळे चिटणीससाहेब, तुम्ही आडनावं बघून तक्ता भरू नका. पालकांना विचारा, मोठ्या मुलांना तर त्यांचं त्यांनाच.

विनय:
बरं ताई, ‘आशियाई’ मागे घेतलं. पण मग एक मूल दोन रकान्यांत मोजलं, की बेरीज पटसंख्येपेक्षा जास्त येणार. काउंटीवाले म्हणतील, मंडळानं मुलं फुगवली.

सुहासकाका:
मुख्य तक्त्यात नाही येणार. दोन रकाने कर, ‘फक्त आशियाई’ आणि ‘आशियाई व आणखी’. एका मुलाला एकच रकाना. बाकीच्या खुणांचा वेगळा तक्ता दे आणि खाली तळटीप टाक, की यात एक मूल अनेकदा आलंय.

चिटणीस:
ठरलं. पालकांना आज रात्री फॉर्म येईल, ‘लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा’ असा. बुधवारपर्यंत न आलेली उत्तरं ‘माहिती दिली नाही’मध्ये जातील, अंदाजानं मी कुणाचं भरणार नाही. काका, तळटीप तुम्हीच इंग्रजीत लिहून पाठवा.