स्नायू ऊती की पेशी ऊतक? आणि मुळात 'ऊती' कुणाला कळतं?

पाणवठा :
ऊतीदानावरच्या (टिश्यू डोनेशन) एका पत्रकाचं मराठी करतेय. नेत्रपटल, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा यांबद्दल आहे. ते नातेवाइकांच्या हातात पडणार तेही अगदी नको त्या वेळी, म्हणून शब्दाला अडायला नको. सुरुवातीला शरीरातल्या चार मुख्य ऊती, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचे समूह, आहेत. मी शाळेत शिकले तसं लिहिलं : अभिस्तर (आवरणाची), संयोजी (जोडणारी), स्नायू, चेता (मेंदू-नसांची). तपासायला इंदूरच्या ताईंकडे दिलं (घरी मराठी, शाळा हिंदी). त्यांनी 'स्नायू'खाली रेघ मारून लिहिलं, "हे नसांबद्दल ना? मग चेता वेगळी कशी?" स्नायू बदलू का? आणि टिश्यूला ऊती, ऊतक, पेशीजाल की सरळ टिश्यू?

सुंठवडा :
अजिबात बदलू नका. मराठीत स्नायू म्हणजे जे व्यायामानं कमावतो ते. हिंदीत 'स्नायु तंत्र' म्हणजे चेतासंस्था, ताईंचा घोळ तिथून आला. याच्या उलटा खड्डा जास्त वाईट. हिंदीत स्नायूला पेशी म्हणतात, मराठीत पेशी म्हणजे सेल. बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक कागद मिळाला होता, हिंदीवरून उतरवलेला. त्यात 'पेशींना हळूहळू ताण द्या' असं वाक्य होतं. बाबांनी नववीचं विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलंय. त्यांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "पेशीला ताण कसा देऊ?"

कोनाडा :
पण चूक हिंदीची नाही, आपली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गट, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट दोर. आपण पेशी सेलला देऊन टाकली आणि रिकाम्या जागी स्नायू नेऊन बसवला. निदान 'मांसपेशी' लिहा, म्हणजे मूळ अर्थाशी इमान राहील.

आडवाट :
कोनाडा, मूळ अर्थाशी इमान राखायचं तर 'मज्जातंतू'चं काय करणार? मज्जा म्हणजे हाडातला मगज. तरी मज्जासंस्था म्हटलं की मराठी माणूस मेंदू-नसांकडेच वळतो आणि अस्थिमज्जा म्हटलं की हाडाकडे. कुणी गोंधळत नाही. ग्रीकमध्येही 'न्यूरॉन' हा शब्द आधी धनुष्याच्या दोरीला, कंडरेला (स्नायू हाडाशी बांधणाऱ्या दोराला) होता, चेतातंतूंना नंतर मिळाला. संस्कृतातला 'स्नावन्' त्याचाच भाऊ. म्हणजे दोर आणि नस यांची सरमिसळ इंदूरला सुरू झालेली नाही. शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी जो अर्थ घेतो तोच त्याचा अर्थ.

कोनाडा :
बोलणाऱ्याच्या तोंडी सोडलं तर परिभाषा उरतच नाही. एकाच रुग्णाच्या दोन कागदांवर पेशीचे दोन अर्थ असतील तर तो धोका आहे, रुची-अरुचीचा प्रश्न नाही.

मधली_सुट्टी :
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये. मराठी विश्वकोशात 'ऊतक' आहे, पाठ्यपुस्तकांत 'ऊती'. दोन्ही एकाच धातूचे : वे, म्हणजे विणणे. 'ओतप्रोत'मध्ये तोच आहे, ओत आणि प्रोत म्हणजे उभे-आडवे विणलेले धागे. फ्रेंच 'तिस्यू'ही विणण्यावरूनच आलाय. झाविए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १८०१ साली सूक्ष्मदर्शकाला हात न लावता शरीरात २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या काढल्या. कापून, शिजवून, वाळवून, आम्लात घालून बघायचा. पुढच्याच वर्षी वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या एकवीसच्या पुढे चार झाल्या. ज्यानं कुणी 'ऊती' निवडला त्याला हे विणकाम दिसलं असणार. मला तो शब्द फार आवडतो, टाकू नका.

केळीचा_खुंट :
आवडो, पण पोचत नाही. आमच्या रावेरकडे केळीवाला 'टिश्यूची रोपं' म्हणतो. रोपवाटिकेच्या पाटीवर 'ऊतीसंवर्धित रोपे' असतं, ते वाचून कुणी रोप मागत नाही. आमच्या आईला ऊत म्हटलं की उतू जाणारं दूधच आठवतं.

सुंठवडा :
पण पाटीवर वाचून वाचून कळायला लागतंच की. 'संगणक'ही कुणाला कळत नव्हता.

रात्रपाळी :
मी परिचारिका आहे, बावीस वर्षं. वॉर्डात यातला एकही शब्द नाही. सलाइन लावताना आजीचा हात हातात घेते, मनगटावर टिचकी मारते, निळी रेघ वर येते, तेव्हा शेजारची सून म्हणते, "नस सापडली का?" तीच सून दुसऱ्या दिवशी सांगते, "सासूबाईंची मानेत नस दबलीय." पहिली नस रक्तवाहिनी, दुसरी चेता. आणि रात्री पोटरीत गोळा आला की "नस चढली", म्हणजे तिसरी तर स्नायू! मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. बोट कुठे ठेवलंय ते बघते.

कोनाडा :
बोट समोर असताना ठीक आहे. कागदाला बोट नसतं.

आडवाट :
हे मात्र मान्य.

पाणवठा :
ताईंना हा धागा दाखवला. त्या म्हणतात, स्नायू ठेवा पण पुढे 'हालचाल करणारे' असं लिहा. ते पटलं. 'संयोजी' मात्र अजून तसाच अडलाय. हाड, कूर्चा, चरबी, रक्त सगळं त्यात घालायचं आणि नाव 'जोडणारी'! रक्त काय जोडतं, असं कुणी विचारलं तर?

मधली_सुट्टी :
जोडण्यावर जाऊ नका. त्यात पेशी विखुरलेल्या असतात आणि मधे भरपूर आधारद्रव्य असतं. हाडात ते कडक, रक्तात पातळ. आधारद्रव्य हा शब्द पकडा.

धोटा :
विणकामाचा विषय निघाला म्हणून. आम्ही येवल्याचे, घरात माग आहे. उभ्या धाग्याला ताणा, आडव्याला बाणा. आजी कांडी भरायची. टिश्यू साडी म्हणतात ना, तिच्यात ताणा रेशमाचा आणि बाणा जरीचा, म्हणून अंग चमकतं. हा टिश्यू आणि शरीरातला एकच, हे मला आज कळलं. पण मधली_सुट्टी, एक शंका : ओत म्हणजे ताणा की बाणा? आमच्याकडे आधी ताणा लावतात, मग धोटा फिरतो.

मधली_सुट्टी :
ओत ताणा, प्रोत बाणा, असं मी वाचलंय.

कोनाडा :
मी उलट वाचलंय. सांगतो शोधून.