मदत हवी आहे : आजोबांच्या दिल्लीच्या पत्रांच्या तारखा

आजोबा दुसऱ्या लोकसभेत (१९५७-६२) खासदार होते. दिल्लीहून गिरगावच्या घरी आजीला लिहिलेली ४१ पत्रं सापडलीत. सगळी बाळबोधीत, त्यामुळे वाचायला अडचण नाही. पण नऊ पत्रांवर फक्त वार आहे, आणि काकांनी लहानपणी तिकिटं कापताना पोस्टाचे शिक्केही नेले! एकात लिहिलंय, 'माझा तारांकित प्रश्न आला तोवर तास संपला. कँटीनचा चहा गार.' तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न; प्रश्नोत्तराच्या तासात राहून गेलेले असे प्रश्न वादविवादांच्या खंडात लेखी उत्तरांत छापतात, हे माहीत आहे. म्हणजे तो प्रश्न सापडला की पत्राची तारीख लागेल. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आजोबांच्या नावाने शोधलं. स्पेलिंग तीन तऱ्हांचं, हाती दोनच प्रश्न लागले. मूळ पत्रं घराबाहेर देणार नाही. त्या काळच्या लोकसभा वादविवादांचे छापील खंड, सदस्यवार सूचीसकट, मुंबईत शनिवारी कुठे बघायला मिळतील?