एजंट फोन उचलत नाही, मालक कोण ते माहीत नाही. भाड्याच्या फ्लॅटचं काय करावं? (मदत हवी आहे, कोल्हापूर)

गडहिंग्लजची

नमस्कार. आम्ही तिघी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून सागरमाळ भागात दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके एजंटामार्फत घेतला. भाडं १२,०००, डिपॉझिट ४०,०००, एजंटाचं कमिशन एक महिन्याचं भाडं. शिवाय 'अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायला' ३,५०० वेगळे. मालक पुण्याला मुलाकडे असतात. "सगळं माझ्याकडंच आहे, त्यांना फोन करायचा नाही," असं एजंटानं चावी देतानाच बजावलं. भाडंसुद्धा त्याच्याच खात्यावर जातं.

पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल धरली, ती आता स्वयंपाकाच्या कट्ट्यापर्यंत आलीय. रोज पोपडे पडतात, डबे झाकून ठेवावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे गिझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. गणपतीपासून एजंटाला मेसेज करतोय. निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. राजारामपुरीतल्या ऑफिसात गेलं की तिथं बसलेला मुलगा "सर साइटवर गेलेत" म्हणतो. एकदा वर्गातल्या मुलीच्या मोबाइलवरून लावला तर पहिल्या रिंगला उचलला आणि "बोला मॅडम, वन पाहिजे का टू?" आवाज ओळखल्यावर लगेच मीटिंग सुरू झाली.

गिझर आम्हीच दुरुस्त करून पैसे भाड्यातून कापले तर चालतात का? मालकाचा नंबर कसा काढायचा? आमच्याकडे अ‍ॅग्रीमेंट म्हणून जे आहे ते ५०० च्या स्टँपवर नोटरी केलेलं आहे. एक सीनियर म्हणाली की ते रजिस्टर नसतं. अकरा महिने मार्चअखेर संपतात, आणि हा माणूस आत्ताच असा वागतोय तर डिपॉझिट काय देणार? घरी अजून सांगितलेलं नाही. बाबा पहिली एसटी पकडून येतील आणि ऑफिसातच तमाशा करतील.

वायरमन बावडा

ताई, बाकी सगळं बाजूला ठेव, गिझर आत्ता बंद कर. बटण नव्हे, त्याचा एमसीबीच (मेन बोर्डातला खटका) पाड. मुंग्या येतात म्हणजे करंट पाण्यात आणि नळात उतरलाय. बहुतेक आतलं एलिमेंट गेलंय, आणि अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एमसीबी आहे म्हणून निवांत राहू नका. तो जादा लोडला पडतो, माणसाला शॉक बसला तर पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लागतो. जुन्या अपार्टमेंटांत तो बसवलेलाच नसतो.

आणि नुसता गिझर बदलून भागत नाही. भिंत ओली आहे, वायर त्याच भिंतीतून गेली असणार. ओल्या भागातले स्विचबोर्ड वापरू नका. चांगला माणूस बोलवून अर्थिंग तपासून घ्या, त्याच्याकडून काय बिघाड होता ते कागदावर लिहून आणि सही करून घ्या. तोवर पाणी गॅसवर तापवा. एजंटाचं नंतर बघू.

रंकाळ्यावरचा

एजंट पायजे असेल तर नवीन नंबरवरून "थ्री बीएचके, फॅमिली, बजेट तीस" असा मेसेज टाक. पळत येतंय बघ!

चेष्टा सोड. मालक शोधणं अवघड नाही. अपार्टमेंटचा सेक्रेटरी नायतर चेअरमन गाठ. दर महिन्याचा मेंटेनन्स कुणाच्या नावावर फाडला जातो ते त्याच्या वहीत असतं, आणि थकला की तो मालकालाच फोन करतो. लाइट बिलावर नाव असतंच. घरफाळ्याची पावती कुठं चिकटवलेली दिसली तर तीपण बघ. वॉचमन काकांना चहा पाजलास तर हे काही करावं लागणार नाही.

कोर्टाची पायरी

वकिली करतो, पण हा फुकटचा सल्ला आहे, त्या हिशेबानं वाचा.

सीनियरचं बरोबर आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी झाली असती तर तुमचे फोटो आणि अंगठे घेतले गेले असते आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) हातात असता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदत जागा वापरायच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या उपयोगाचा भाग पुढेच आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल जागा घेणारा जे सांगतो तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे डिपॉझिट ४०,००० होतं हे तुम्ही म्हणालात तर ते खोटं आहे हे समोरच्यानं दाखवायचं.

३,५०० चा हिशेब पण बघा. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवा, ते ४,००० च्या आत येतं. त्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ३४० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे जे काय असतील ते. हे काहीच झालेलं नाही, तेव्हा ते पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

भाड्यातून कापण्याबद्दल: याच कायद्याच्या कलम १४ मध्ये, मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायची सोय आहे. वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे आणि तुम्ही कागदावर लायसन्सी, म्हणजे नुसत्या परवानगीनं राहणाऱ्या, आहात. म्हणून परस्पर कापू नका. आधी लेखी कळवा, मालकाचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना घ्या, मग कापा.

दोन फ्लॅटवाली काकू

मी या खेळात दुसऱ्या बाजूला आहे. आमचे दोन फ्लॅट विद्यार्थ्यांना दिलेत. बाहेरगावच्या मालकाला पुष्कळदा काही माहीतच नसतं गं. त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे आले की तो समजतो सगळं छान चाललंय. त्याची भिंत सडतेय हे ऐकून त्यालाच जास्त लागेल. तेव्हा पहिलाच फोन भांडणाच्या सुरात करू नकोस. ओलीचे फोटो पाठव, वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमची मोरी गळते का ते विचारून ठेव, कारण निम्म्या वेळा ओल वरून येते आणि मग वरचा मालक, अपार्टमेंट असं सगळं गुऱ्हाळ सुरू होतं.

एक मात्र बोलते. पोरंपोरीही कमी नसतात. आमच्या एका खोलीत भिंतीवर इतके खिळे होते की रंगारी हसला. घर घेतलं त्या दिवशीचे फोटो असतील तर आत्ताच एका जागी काढून ठेव. डिपॉझिट देताना एजंट लोक हमखास रंगाचे पैसे कापतात, तेव्हा कामाला येतील.

जुना बोर्डिंगवाला

शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, दसरा चौकात अजून उभी आहेत. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळं. त्या गावात पोरी एजंटाच्या शटरपुढं उभ्या राहतात हे वाचून बरं वाटलं नाही. बाळ, घरी सांग. बाबा आले तर येऊ देत. थोडा तमाशा कधीकधी लागतो.

के. बावीस

माझं ऐका, शेवटचे तीन महिने भाडंच देऊ नका. ३६,००० तिथंच वसूल. कोल्हापुरात सगळे हेच करतात.

कोर्टाची पायरी

सगळे करतात, आणि मग जानेवारीत कुलूप बदललेलं सापडतं. भाडं थकवलं की तक्रार करणारे तुम्ही राहत नाही, थकबाकीदार होता. डिपॉझिटातून भाडं वळतं करायचंच असेल तर मालकाकडून तसं लिहून घ्या.

गडहिंग्लजची

गिझरचा एमसीबी पाडलाय. वायरमन दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, अर्थिंगची वायर बोर्डात नुसती गुंडाळून ठेवलेली होती. तपासायला आलेल्या इलेक्ट्रिशियनचं सहीचं पत्र घेतलंय.

आणि दुसरी बातमी. सेक्रेटरी काकांनी मालकांचा नंबर लगेच दिला, उलट म्हणाले, "इतके दिवस कुठं होतीस?" मालक निवृत्त शिक्षक आहेत, खूप नीट बोलले. पण बोलता बोलता कळलं की त्यांना महिन्याला १०,५०० च पोचतात. डिपॉझिट म्हणून २५,००० मिळालेत. नोटरीच्या कागदाचा फोटो पाठवला तर म्हणाले, ही माझी सही नाही. कुलमुखत्यारपत्र वगैरे काही दिलेलं नाही. मधले पैसे कुणी खाल्ले ते उघड आहे. आता माझी भीती वेगळीच आहे. मालक उद्या म्हणाले की मला २५,००० च मिळाले, तेवढेच देईन, तर? मैत्रीण म्हणते महारेराला (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एजंटाची तक्रार कर. करू का?

कोर्टाची पायरी

रेरा नको. तो कायदा प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीच्या एजंटांसाठी आहे, भाड्याच्या दलालीत तिथं काही हाती लागणार नाही.

२५,००० च्या भीतीबद्दल. मालकानं महिनोन्‌महिने भाडं घेतलंय, डिपॉझिटमधला वाटा घेतलाय. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १९९ सांगतं की आपल्या नावावर परस्पर झालेल्या व्यवहाराचा एक भाग मान्य केला की तो सगळा व्यवहार मान्य केला. म्हणजे तुमची बाजू लंगडी नाही. पण हे कलम आत्ता गुरुजींच्या तोंडावर मारू नका. तेही फसलेत, आणि तुम्हाला ते साक्षीदार म्हणून हवेत. एजंटाला भाडं किती दिलं याचे तुमच्या खात्याचे उतारे आणि त्यांना किती आलं याचे त्यांचे उतारे एकत्र ठेवले की पोलीस ठाण्यात "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं सांगून वाटेला लावणं अवघड जातं. दुसऱ्यासाठी घेतलेला पैसा स्वतः वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हेगारी विश्वासघातात बसू शकतो. तक्रारीवर गुरुजींचीही सही असू दे.

कमिशन घेऊन सेवा दिली नाही, नोंदणीचे पैसे घेऊन नोंदणी केली नाही, यासाठी ग्राहक आयोग आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा. त्यानं हललं नाही तर जिल्हा आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. आणि तुम्ही मुली आहात, त्यामुळं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नाहीतर १५१०० ला फोन करा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून आमच्याकडे जो तो "थेट तिकडंच जाऊ" म्हणतो. या कामाला बावडाच पुरे.

एजंटाला आता एक पत्र पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, किंवा तिथंही आणि पोस्टानंही. त्यात एवढंच लिहा: अमुक तारखेला कमिशन, डिपॉझिट आणि नोंदणीचे ३,५०० तुमच्या खात्यावर दिले. नोंदणी झालेली नाही. मालकांना डिपॉझिटपैकी २५,००० च पोचल्याचं त्यांनी कळवलंय. उरलेले १५,००० आणि नोंदणीचे ३,५०० पंधरा दिवसांत परत करा. फसवलंत, लुटलंत असले शब्द नकोत. धमकी नको.

गडहिंग्लजची

पत्र लिहिलं, तिघींच्या सह्या घेतल्या. पोस्टात विचारलं तर रजिस्टर आता वेगळं नाही म्हणाले.

जुना बोर्डिंगवाला

खरं आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवलंय. स्पीड पोस्टच कर, पण नोंदणी आणि पोचपावती दोन्ही पाहिजे म्हणून खिडकीवर स्पष्ट सांग, नाहीतर साधं जाईल. पत्राची झेरॉक्स आणि पावती एका पिशवीत.

दोन फ्लॅटवाली काकू

आणि गुरुजींना म्हण, नवा करार सरळ आपण करू, एजंटाशिवाय. ऑनलाइन होतो, ते पुण्यात अंगठा देतील, तुम्ही इथं द्या. भाडं १२,००० च ठेवलंस तरी त्यांना दीड हजार जास्त मिळतील. तेवढ्यात भिंतीचं वॉटरप्रूफिंग मागून बघ, नाही म्हणणार नाहीत.

गडहिंग्लजची

विचारलं काकू. ११,५०० वर ठरलं, प्लंबर ते सेक्रेटरी काकांकडून पाठवणार आहेत, कारण वरच्यांची मोरीच गळतेय. एकच राहिलं. करार व्हायच्या आधी या महिन्याचं भाडं कुणाच्या खात्यावर टाकू?

कोर्टाची पायरी

मालकांच्या. खातं त्यांनी स्वतः मेसेजवर लिहून पाठवलेलं असू दे, एजंटानं कळवलेलं चालणार नाही. पैसे टाकताना शेऱ्यात महिना आणि फ्लॅट नंबर लिहा. नोटरीचा मूळ कागद कुणी "जमा करा" म्हणून मागितला तरी द्यायचा नाही, झेरॉक्स द्या.