मदत हवी आहे: पेम्फिगसमध्ये त्वचेच्या पेशी सुटतात, मग हृदयाच्या का नाही?

मंडळी, माझा जीवशास्त्राशी संबंध बारावीपुरताच, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आत्याला पेम्फिगस व्हल्गॅरिस निघालाय. आधी तोंड आलं, ते बरंच होईना. तिखट सोडाच, वरणभातही झोंबायचा. मग पाठीवर फोड आले, लिबलिबीत, कपडा घासला तरी फुटणारे. बायॉप्सी झाली, उपचार चालू आहेत. कृपया औषधं सुचवू नका, मला फक्त समजून घ्यायचंय.

वाचून कळलं ते असं: त्वचेच्या पेशींना डेस्मोसोम नावाची जणू प्रेसबटणं असतात. शेजारच्या दोन पेशींतून डेस्मोग्लिन नावाची प्रथिनं बाहेर येतात आणि मधल्या फटीत एकमेकांना धरतात. पेशीच्या आत त्यांना केराटिनचे धागे बांधलेले. या आजारात आपल्याच अँटीबॉडीज डेस्मोग्लिनवर बसतात, पकड सुटते, फटीत पाणी साचतं.

पण डेस्मोसोम हृदयाच्या स्नायूतही असतात म्हणे. ते तर दिवसरात्र ताणलं जातं. तिथे काही कसं होत नाही? आणि रिपोर्टप्रमाणे त्वचेचा सगळ्यात खालचा थर जागेवरच आहे, तो का सुटला नाही?

प्रतिसाद १:
बाळबोध कसला, नेमका प्रश्न आहे. डेस्मोग्लिनचे चार प्रकार. हृदयात २ नंबरचं असतं. पेम्फिगसच्या अँटीबॉडीज ३ आणि १ ओळखतात. २ त्यांच्या गावीही नाही.
खालचा थर शेजाऱ्यांपासून सुटतो, पण बुडाशी चिकटून राहतो, कारण तिथली जोडणी हेमिडेस्मोसोमची. त्यात डेस्मोग्लिन नाहीच, इंटिग्रिन वगैरे मंडळी. तिथे हल्ला झाला तर तो बुलस पेम्फिगॉइड, म्हणजे वेगळा आजार. त्यात अख्खी बाह्यत्वचा उचलली जाते, म्हणून फोड टणक, सहज न फुटणारे.

धागाकर्ती:
आभार! मग सुरुवात तोंडातच का?

प्रतिसाद १:
तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः ३ वर. त्वचेत १ सुद्धा भरपूर, त्यामुळे नुसतं ३ निकामी झालं तरी ती तग धरते. दोन्हींविरुद्ध अँटीबॉडीज झाल्या की अंगावर फोड.

धागाकर्ती:
म्हणजे पाठीवर उठलं तेव्हा १ विरुद्धच्याही आल्या असणार?

प्रतिसाद १:
बहुधा. एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडीज मोजणारी) तपासणी केली असेल तर रिपोर्टात १ आणि ३ चे आकडे वेगवेगळे असतील, बघा. त्यांचा अर्थ मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडूनच समजून घ्या.