सिल्कीची पिल्लं: कोंबडा कोणता, तलंग (तरुण कोंबडी) कोणती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या परसात चार सिल्की (ही कोंबड्यांची एक जात) आहेत, आज अकरा आठवड्यांच्या. दोन पांढऱ्या, एक काळी, एक बदामी. विकणाऱ्याने "तीन माद्या, एक नर" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हा पिल्लं चार दिवसांची होती, म्हणजे त्यालाही काय डोंबल कळलं असणार!

शेजारच्या काकांची रात्रपाळी असते. कोंबडा ठेवणार नाही असा शब्द मी त्यांना देऊन बसलेय. मावसभाऊ कोंबडा गावी न्यायला तयार आहे, रविवारी येतोय. पण त्याच्या हातात देऊ कोणाला?

गावठी पिल्लांचं मला कळतं. दीड-दोन महिन्यांत तुरा लाल व्हायला लागतो, पुढे शेपटीला बाक येतो. इथे तुरा म्हणजे चोचीवर काळपट जांभळी गाठ, तीही डोक्यावरच्या पिसांच्या झुबक्यात दडलेली. पिसं कापसासारखी, त्यामुळे मानेवरची टोकदार की गोल हेही दिसत नाही. सासूबाईंनी एकेकीला पायाला धरून उलटं केलं. मान वर उचलली तर कोंबडा, म्हणे. चौघांनीही उचलली.

बदामीची गाठ बोटाच्या पेराएवढी रुंद झालीय आणि झुबका मागे विंचरल्यासारखा दिसतो. काळीची गाठ तांदळाच्या दाण्याएवढी, झुबका पावडरच्या पफसारखा गोल. पण छाती काढून सगळ्यांच्या अंगावर धावते तीच! पांढऱ्या दोघी अधल्यामधल्या. फोटो जोडलेत.

खुराडेवाला: ताई, बदामी बहुतेक कोंबडा. रुंद गाठ आणि मागे जाणारा झुबका, दोन्ही खुणा एकत्र आहेत. पुढे झुबक्यातून तारांसारखी लांब पिसं निघाली आणि चोचीखालचं मांस लोंबायला लागलं की शंकाच नको. काळीच्या दादागिरीवर जाऊ नका, तलंगाही भांडतात. पांढऱ्यांची घाई मात्र नको. माझी 'राणी' सात महिन्यांची झाली आणि एका पहाटे आरवली. सिल्कीत खात्री दोनच गोष्टींनी होते, बांग किंवा अंडं.

परसबाग: आधी ते उलटं धरणं थांबवा. बऱ्याच सिल्कींच्या कवटीला झुबक्याखाली उंचवटा असतो, तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. डोकं आपटलं तर पक्षी हातचा जाईल. पंखाच्या पिसांवरून ओळखायची युक्ती ठरावीक संकरातच चालते, तीही अगदी लहान पिल्लांत. फार निकड असेल तर पोपटवाले करतात ती डीएनए चाचणी आहे. उपटलेलं पीस लागतं, गळून पडलेलं नको.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. सासूबाईंना कवटीचं सांगितलं, त्या जरा ओशाळल्या. रविवारी एकटी बदामी जाईल. पांढऱ्यांपैकी कोणती कोणती हे मलाच कळेना, म्हणून एकीच्या पायात लाल दोरा बांधलाय. पायावर पिसं, त्यात ते वर आलेलं पाचवं बोट, दमछाक झाली. दर आठवड्याला दोघींच्या गाठीचा जवळून फोटो इथेच टाकते. बघून सांगाल ना?